बीजचित्रातला बिबट्या

'ठळक'च्या प्रयोगशाळेत सगळं स्वच्छ, सरळ आणि चकचकीत होतं; विचार तेवढे सोडून. डॉ. सुनीती खरवंडीकरांचं हे मत आत पाऊल टाकताच झालं, आणि त्यांची मतं एकदा झाली की सहसा बदलत नसत. तीस वर्षं त्यांनी प्रतिमाशास्त्र शिकवलं होतं. बाई पेपर तपासत नाहीत, सोलतात, असं विद्यार्थी म्हणायचे. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं.

समोर 'ठळक' या कंपनीचा संस्थापक श्रीरंग पोतनीस उभा होता. अंगात कोट आणि पायात धावायचे बूट, म्हणजे प्रसंग आलाच तर पळायची सोय. टेबलापलीकडे उपवनसंरक्षक थिटे बसले होते. तांबडी खोऱ्यातलं सगळं जंगल आणि जंगलाहून दाट असलेला सगळा ऊस त्यांच्या डोक्यावर होता. हिवरटाकळीच्या शिवारात बिबट्याने दोन माणसं मारली होती, आणि ऊसतोड कामगारांनी फडात पाय ठेवायला नकार दिला होता. आता एक बिबट्या पिंजऱ्यात सापडला होता. माणसं मारणारा तो हाच, असं ठिपक्यांवरून सिद्ध झालं तरच त्याला मारता येत असे, आणि तशा हुकमावर एका स्वतंत्र प्रतिमाशास्त्रज्ञाची सही लागे. म्हणून बाईंना बोलावणं होतं.

भिंतीएवढ्या पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी झळकली. एक फडाच्या बांधावरच्या सापळा-कॅमेऱ्याने टिपलेलं. त्यातल्या जनावराला 'के-सात' असं नाव दिलेलं. दुसरं पिंजऱ्यातल्या बिबट्याचं.

"जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के," पोतनीस म्हणाला. "आणि धार बघा मॅम. मिशांचे केस मोजता येतात."

"मोजलेत?"

"अं?"

"मिशांचे केस. मोजलेत का? नाही ना. मग पुढे बोला."

पोतनीस पुढे बोलला. उसात नेटवर्क नावापुरतं. मोठं चित्र पाठवायला तास लागतो, तोवर बिबट्या पुढच्या गावात. म्हणून कॅमेरा चित्र आक्रसून पन्नास गुणिले पन्नास चित्रकणांचं करतो आणि तेवढंच पाठवतो. हे बीजचित्र. मोबाइलच्या ॲपमध्ये 'उलगडक' नावाची आज्ञावली आहे. ती या बीजातून दोन हजार गुणिले दोन हजारांचं चित्र उभं करते, धार तसूभरही न गमावता. मुळात ही आज्ञावली लग्नाच्या अल्बमसाठी लिहिली होती. नवरीची नथ मोठी केली तरी मोती न मोती सुटा दिसायचा. तीच त्यांनी बिबट्यावर शिकवली.

"नवरीवरून बिबट्यावर," बाई म्हणाल्या. "बरं. बीजात अडीच हजार कण. मोठ्या चित्रात चाळीस लाख. मधले एकोणचाळीस लाख सत्त्याण्णव हजार पाचशे कण कुठून आले?"

"उलगडक शिकलेला आहे, मॅम. बिबट्या कसा असतो ते त्याला माहीत आहे."

"मी बिबट्या कसा असतो ते विचारलं नाही. हा बिबट्या कसा आहे ते विचारलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि तुमच्या पोहऱ्यात येतंय, त्याअर्थी तुम्ही भलत्याच आडात दोर सोडलाय."

थिटे खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, मला समजेल असं सांगा."

त्या माणसाने न समजल्याचं निदान कबूल तरी केलं, म्हणून बाईंनी आवाज थोडा उतरवला. "तुमच्याकडे गावात डेअरी आहे ना? चार घरचं दूध एका कॅनमध्ये ओतलं. आता कॅनमध्ये बघून कुठल्या म्हशीचं दूध कसं होतं ते सांगाल?"

"कसं सांगणार?"

"चित्र लहान करणं म्हणजे हेच. सोळाशे कणांची सरासरी काढायची आणि एक कण ठेवायचा. ठिपके त्या सरासरीत विरघळून गेले. आणि हे गृहस्थ कॅनमध्ये डोकावून म्हशीचं नाव सांगताहेत. नुसतं नाव नाही, शिंगं कुठल्या बाजूला वळलीत तेसुद्धा."

"पण पडताळा आहे, मॅम!" पोतनीस उसळला. "उलगडलेलं चित्र परत लहान करा. तंतोतंत तेच बीज मिळतं."

"मिळणारच. तसं शिकवलंय त्याला. पण तेवढंच दूध देणारे हजार गोठे असतात. हजार निरनिराळे बिबटे लहान केले तरी हेच बीज मिळेल. जुळलं म्हणजे तोच आहे, असं होत नाही. जुळलं म्हणजे तोही असू शकतो, एवढंच होतं." त्यांनी पिंजऱ्यातल्या बिबट्याच्या चित्राकडे बोट केलं. "आणि हे तर चार फुटांवरून काढलेलं. हे कशाला उलगडलंत?"

"एकसारखेपणासाठी. ॲपमध्ये आलेलं प्रत्येक चित्र आधी बीज होतं. मूळ आम्ही ठेवत नाही. जागा वाचते."

बाईंनी डोळे मिटले. मूर्खपणाची त्यांना सवय होती, पण इतक्या शिस्तीने केलेला मूर्खपणा त्यांच्याही पाहण्यात कमीच आला होता.

पाहुण्यांसाठी टेबलावर फळांची ताटली होती. त्यातलं काळ्या ठिपक्यांचं एक जास्त पिकलेलं केळं त्यांनी उचललं, पोतनीसच्याच फोनमधलं ॲप उघडलं, 'बिबट्या दिसला' हे बटण दाबलं आणि केळ्याचा फोटो घेतला. पडदा क्षणभर धूसर झाला आणि मग त्यावर एक देखणी, तुकतुकीत पाठ उमटली. सोनेरी लव, तिच्यावर काळी वळी, प्रत्येक केस सुटा. खाली अक्षरं आली: के-सात, जुळणी सत्त्याण्णव टक्के.

"थिटेसाहेब, गुन्हेगार सापडला," बाई म्हणाल्या. "सोलून टाका."

पोतनीसच्या मागे बसलेल्या पोरापोरींपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं. थिटे हसले नाहीत.

"मॅडम, दोन माणसं गेलीत. पिंजऱ्यातला तोच आहे की नाही, एवढं सांगा."

"मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. ते माहीत करून घ्यायची सोय या विद्वानांनी पुसून टाकली आहे."

"मग मी लोकांना काय सांगू?"

बाईंना या प्रश्नाची मनापासून चीड होती. खरं काय आहे हे कोणाला नकोच असतं, सांगायला काय आहे तेवढं हवं असतं. "आधी मला तो बिबट्या दाखवा," त्या म्हणाल्या. "ॲपमध्ये नव्हे. डोळ्यांनी."

पिंजरा साखर कारखान्याच्या आवारात एका शेडखाली ठेवला होता. आतला नर कोपऱ्यात दबून बसला होता आणि माणसाची चाहूल लागली की सगळा पिंजरा हादरेल असा गुरगुरत होता. बाईंनी त्याच्या ठिपक्यांकडे नीट पाहिलं. पडद्यावरच्या के-सातशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. गंमत म्हणजे हे कळायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं, गजांपर्यंत चालत जावं लागत होतं, आणि तेवढंच कोणी केलं नव्हतं.

शेडच्या कडेला एक बाई तान्ह्या पोराला खांद्यावर टाकून उभी होती. सोजर तिचं नाव. बीडकडून टोळीबरोबर तोडीला आलेली. मेलेल्या दोघांपैकी एक तिची जाऊ होती.

"ह्योच का वो त्यो?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही."

सोजरने कमरेला खोचलेला फोन काढून दाखवला. पडदा हिरवागार होता आणि त्यावर 'परिसर निर्धोक' असं लिहिलं होतं. जाऊ गेल्यानंतर सरकारने सगळ्या टोळ्यांना हे ॲप दिलं होतं. कॅमेऱ्यात कुठलाही बिबट्या आला की पडदा लाल व्हायचा आणि फोन बोंब मारायचा. "तीन डाव वरडला," ती म्हणाली. "तीनी डाव आमी पळालो. तिसऱ्या टायमाला तर मागं वळून बघितलं, तर बांधावरच हुतं जनावर. आता आमी आधी फोन बघताव, मग फड."

"त्या फोनवर फार विसंबू नकोस," बाई म्हणाल्या.

"मंग कशावर इसंबू?"

उत्तर नसलेल्या प्रश्नाकडे पाठ फिरवायची त्यांची जुनी पद्धत होती. तशी त्यांनी ती फिरवली आणि त्या कारखान्याच्या फाटकाकडे निघाल्या. तिथे त्या थबकल्या.

फाटकावर के-सातचं भलंमोठं पत्रक चिकटवलं होतं: डावी कूस, उजवी कूस, 'सावध राहा'. उजव्या खांद्यामागे एक वळं तुटकं होतं, उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखं. डाव्या खांद्यामागेही तसंच, त्याच जागी, फक्त उलट्या बाजूने कुरतडलेलं. बाईंनी एकेक वळं ताडून पाहिलं. डावी कूस म्हणजे उजवीची आरशातली प्रत होती. जगातल्या कुठल्याच बिबट्याच्या दोन कुशी एकसारख्या नसतात. देव इतका आळशी नाही. प्रोग्रामर असतो.

त्यांनी तिथूनच पोतनीसला फोन लावला. "उलगडकाला शिकवताना किती बिबटे वापरलेत?"

"वीस हजार चित्रं, मॅम."

"चित्रं नाही विचारली. बिबटे."

"मुलांना उसात पाठवणं धोक्याचं होतं. म्हणून बचाव केंद्रात गेलो. तिथे सोनी नावाची मादी आहे, माणसाळलेली. पंधरा दिवस सगळ्या कोनांतून, सगळ्या उजेडांत..."

"आणि चित्रं कमी पडली तेव्हा आरशात उलटी करून दुप्पट केलीत."

"ती पद्धतच आहे, मॅम."

"नवरीच्या बाबतीत चालते. तिला ठिपके नसतात."

बचाव केंद्र टेकडीच्या उतारावर होतं. तिथल्या पशुवैद्य डॉ. फरीदा मुजावर बाईंना घेऊन शेवटच्या पिंजऱ्यापाशी गेल्या. सोनी डाव्या कुशीवर पडून होती, श्वास जड. पिल्लू असताना ती उसात सापडली होती, आणि उभा जन्म याच गजांआड गेला होता.

"हिला कायम डाव्याच कुशीवर पडायची सवय," फरीदा म्हणाल्या. "पायाला लहानपणी लागलंय. दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत, सुनीतीताई. चार दिवस पाणीसुद्धा पोटात ठरत नाहीये. मी तिला इंजेक्शन देऊन सोडवायची परवानगी मागितली आहे. थिटेसाहेबांच्या टेबलावर पडून आहे कागद."

बाईंचं लक्ष सोनीच्या वर आलेल्या उजव्या कुशीकडे होतं. खांद्यामागे कुरतडलेल्या भाकरीचं वळं होतं. त्याच्या खाली दोन जोडवळी, मग कमरेकडे उतरणारी माळ. पत्रकातला के-सात समोर धापा टाकत पडला होता. इतका आनंद त्यांना कित्येक महिन्यांत झाला नव्हता. सोनीच्या धापेकडे त्यांनी पाहिलं खरं, पण मनात त्या पोतनीसचा चेहरा कसा पडेल याचंच चित्र रंगवत होत्या, आणि ते चित्र चांगलंच धारदार होतं.

दुसऱ्या दिवशी थिट्यांच्या कार्यालयात त्यांनी आपला निष्कर्ष वाचून दाखवला. पोतनीस होता, कारखान्याची माणसं होती. बाईंनी प्रत्येक वाक्य चवीने उच्चारलं. उलगडकाच्या ओळखीचा बिबट्या जन्मात एकच, सोनी. त्यामुळे कुठलंही ठिपकेदार बीज त्याच्यापुढे टाका, मग तो वाघाचा मावसभाऊ असो की केळं असो, तो त्यावर सोनीचेच ठिपके चढवतो. खोऱ्यात के-सात नावाचा बिबट्या नाही. कधी नव्हता. 'ठळक'ने सुतावरून स्वर्ग गाठला होता, आणि सूतसुद्धा दुसऱ्याचं होतं. पोतनीसची मान खाली गेली. बाईंना वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी एखाद्या मूर्खाला तो मूर्ख असल्याचं पुराव्यानिशी पटलं.

थिट्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पत्रकावरचे ठिपके सोनीचे, हे नक्की?"

"शंभर टक्के. गल्लीतल्या पोरालाही डोळ्यांनी दिसेल."

"आणि पिंजऱ्यातल्या नराविरुद्ध पुरावा?"

"काडीचाही नाही."

"हे तुम्ही सही करून द्याल?"

"आनंदाने," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.

तीन दिवसांनी सकाळी फरीदांचा फोन आला. त्यांना रडू आवरत नव्हतं. "माझ्या अर्जावर साहेबांनी परवानगी दिली. मला बरं वाटलं, सुटली बिचारी. इंजेक्शन मीच दिलं. डोकं मांडीवर घेऊन दिलं, ताई. आणि मग माणसं आली आणि तिला गाडीत घालून हिवरटाकळीला घेऊन गेली. चौकात ठेवलंय तिला. लोक पत्रक हातात धरून ठिपके जुळवताहेत."

बाई थिट्यांच्या कार्यालयात शिरल्या त्या दार न वाजवता. थिटे दाढी वाढलेल्या, डोळे तारवटलेल्या अवस्थेत चहा पीत होते.

"लाज वाटली नाही?"

"बसा, मॅडम. लोकांना पत्रकाशी जुळणारा बिबट्या हवा होता. तो जगात एकच आहे, हे तुम्हीच शोधून दिलंत. ती तशीही आज ना उद्या जाणार होती. कोणाचं काय बिघडलं? आज सकाळी सगळ्या टोळ्या फडात उतरल्या."

"आणि पिंजऱ्यातला?"

"सोडला. ज्याच्यावर पुरावा नाही त्याला पकडला तिथेच सोडायचा, असा नियम आहे. परवा पहाटे हिवरटाकळीच्याच बांधावर सोडला."

"मी त्याला निर्दोष म्हटलं नव्हतं!"

"काडीचाही पुरावा नाही, असं म्हणालात."

"पुरावा नाही म्हणजे त्याने मारलं नाही, असं नव्हे! तो नसेलही, असेलही! जुळलं म्हणजे..." आणि त्या थांबल्या. हेच वाक्य त्यांनी पोतनीसच्या तोंडावर फेकलं होतं, फक्त त्याचा दुसरा अर्धा भाग निष्कर्षात कुठेच लिहिला नव्हता. लिहायचं सुचलंच नव्हतं. दुसऱ्याचं अज्ञान उघडं पाडण्याच्या घाईत, आपल्यालाही काही कळलेलं नाही हे सांगायचं राहून गेलं होतं. थिट्यांनी ती रिकामी जागा आपल्या सोयीने भरून घेतली होती. उलगडक तरी दुसरं काय करत होता?

त्यांना स्वतःची शिसारी आली. हा अनुभव त्यांना नवा होता.

"निदान ते ॲप चालू आहे ना?" त्यांनी विचारलं. "ठिपके खोटे असले तरी बिबट्या आला एवढं त्याला कळतं. ती धोक्याची बोंब खरी आहे."

"चालू आहे की. के-सातची नोंद तेवढी बंद केली. मृत म्हणून."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पोतनीसला फोन लावला. "एखाद्या मेलेल्या बिबट्याशी जुळणारं बीज आलं, तर तुझं ॲप काय करतं?"

"वगळतं, मॅम." त्याच्या आवाजात आता अदब होती, मार खाल्लेल्यांच्या आवाजात असते तशी. "चूक म्हणून टाकून देतं. नाहीतर उगाच घबराट होते. मेलेला बिबट्या फिरत नाही ना."

"आणि तुझ्या उलगडकाला खोऱ्यातला प्रत्येक बिबट्या कोण दिसतो?"

"के-सात," पोतनीस पुटपुटला.

"बंद कर," बाई म्हणाल्या. "आत्ता. सगळ्यांच्या फोनवरचं ते हिरवं बंद कर."

"मॅम, सरकारी ॲप आहे. बदलाला वरून मंजुरी लागते. मी आज मेल टाकतो."

बाईंनी फोन थिट्यांकडे वळवला. थिट्यांनी तो घेतला, ऐकला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण त्यांनीही आधी सचिवांचा नंबर शोधायला घेतला. बाई तिथे थांबल्या नाहीत. टोळ्यांच्या मुकादमाचा नंबर त्यांनी वाटेत गाडीतून चार वेळा लावला. फडात नेटवर्क नावापुरतं होतं.

हिवरटाकळीच्या चौकात सोनी अजून ठेवलेली होती, गळ्यात कोणीतरी टाकलेला झेंडूचा हार. बाईंनी तिकडे पाहणं टाळलं. फड गावाबाहेर होता. कोयत्यांचा सपसप आवाज येत होता, मोळ्या बांधल्या जात होत्या, कोणीतरी गाणं म्हणत होतं. माणसं कितीतरी दिवसांनी बिनघोर काम करत होती. बांधावरच्या बाभळीला सोजरने लुगड्याची झोळी बांधली होती आणि ती मंद हलत होती.

मुकादम रखमाजी सांगळे चुना मळत पुढे आला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. एका दमात, घाईने आणि वाईट सांगितलं. आयुष्यभर न कळणाऱ्यांचा तिटकारा केल्यामुळे न कळणाऱ्याला सांगायचं कसं, हे त्या शिकल्याच नव्हत्या.

"मेलं की वो त्ये," रखमाजी म्हणाला. त्याने आपल्या फोनमधला चौकातला फोटो दाखवला, मग खिशातलं पत्रक उलगडलं. "ह्ये बघा. खांद्यामागचं तुटकं कडं. ह्येबी बघा. म्या सोता जुळवलं. पोरांनी जुळवलं. समद्यांनी जुळवलं."

"ते चित्र खोटं आहे. यंत्राने रंगवलेलं. खरं जे कॅमेऱ्यात आलं ते हे." बाईंनी पर्समधून कागद काढला. निष्कर्षाला जोडलेलं ते मूळ बीजचित्र होतं, ज्या दिवशी सोजरची जाऊ गेली त्या दिवसाचं, छापून मोठं केलेलं, उलगडकाविना. त्यावर राखाडी चौकोन होते आणि मधोमध एक पिवळट डाग. "एवढंच आपल्याला माहीत आहे. बाकी काही माहीत नाही."

रखमाजीने कागद जवळ धरला, लांब धरला, उलटा करून पाहिला. मागे जमलेल्या दोघातिघांनी माना वाकवून पाहिलं. कोणी हसलं नाही. वयस्कर बाई उन्हातान्हाची आली आहे, याचं भान त्यांना होतं.

"तुमचा फोटो काय नीट आला न्हाई, बाई," रखमाजी म्हणाला, आणि कागद त्याने नीट घडी करून परत दिला.

बाई पुढे बोलणार, एवढ्यात फडाच्या उभ्या भागातून बगळ्यांचा थवा एकदम उठला. वारा पडलेला होता. तरी उसाचे तुरेवाले शेंडे एका रेषेत हलत आले, थांबले, पुन्हा हलले. ती रेषा बाभळीच्या दिशेने येत होती. शेवटच्या दोन सऱ्यांपाशी ती थांबली, आणि पाचटाच्या फटीतून बाईंना एक पिवळट डाग दिसला. ना मिशा, ना वळी. कागदावर होता तसाच डाग.

त्या ओरडल्या. इतक्या मोठ्याने त्या आयुष्यात कधी ओरडल्या नव्हत्या. त्यांना कधी गरजच पडली नव्हती, हळू बोलूनच त्या माणसं कापत आल्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्या ढेकळांतून झोळीकडे धावत सुटल्या. बाभूळ लांब होती. झोळीच्या जवळ, त्यांच्यापेक्षा कितीतरी जवळ, सोजर होती.

"सोजर! पोर उचल! बिबट्या! पोर उचल!"

सोजर दचकून ताठ उभी राहिली. हातातला कोयता तिने टाकला आणि कमरेचा फोन काढला. त्याच्याकडे पाहिलं. मग पडत झडत येणाऱ्या म्हातारीकडे पाहून तिने फोन उंच धरला, लांबूनही दिसावा म्हणून.

"घाबरू नका, बाई," ती समजुतीने म्हणाली, "हिरवं हाय."